काडीत घड आहे का

बिल्बाओतली युरोपा लीगची फायनल, आमचं मँचेस्टर युनायटेड विरुद्ध टॉटनहॅम, आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली, म्हणजे तारीख २२ मे २०२५ लागलेली, आणि बाहेर पाऊस. मे महिन्यात, नाशिकमध्ये, गॅलरीतले कपडे उचलून आत आणावे लागतील असा पाऊस. सातपूरच्या मित्राकडे आम्ही पाच जण बसलो होतो, आतल्या खोलीत त्याची आई झोपलेली म्हणून टीव्हीचा आवाज बारीक. ४२व्या मिनिटाला टॉटनहॅमच्या ब्रेनन जॉन्सनने गर्दीतून तो बॉल कसाबसा आत ढकलला, सेकंड हाफमध्ये आमच्या होयलुंडचं हेडर आत चाललेलं तर त्यांच्या व्हॅन द व्हेनने हवेत उलटा पाय टाकून ते गोललाइनवरून काढलं, आणि संपलंच. १-०. एकाच सीझनमध्ये टॉटनहॅमकडून चौथी हार. तीन-चार दिवसांनी प्रीमियर लीग संपली तेव्हा मँचेस्टर युनायटेड १५ व्या नंबरवर, ३८ मॅचमध्ये १८ पराभव, ४२ पॉइंट.

टीव्ही बंद झाला तरी कुणी उठेना. मग सिडकोचा मित्र म्हणाला, "आता याला काढलाच पाहिजे." याला म्हणजे आमच्या मॅनेजरला, रुबेन अमोरिमला. मी म्हणालो, नाही, ठेवला पाहिजे. त्याने का विचारलं आणि मला धड सांगता आलं नाही, नुसतं वाटतंय म्हणालो. वाटण्यावर सोडून द्यायची गोष्ट नाही ही, निदान आमच्यासाठी नाही, वीस-वीस वर्षं रात्री जागवल्यात या क्लबपायी. महिना होत आला, २०२५ चा जून निम्मा सरला, मी अजून त्या 'का'च्या मागे आहे.

आधी मित्राच्या बाजूचं सांगतो, कारण त्याची बाजू लंगडी नाही. अमोरिम नोव्हेंबरमध्ये आला, लीगच्या २७ मॅच त्याच्या वाट्याला आल्या आणि त्यात २७ पॉइंट, सात जिंकल्या आणि चौदा हरल्या. असा रेकॉर्ड एखाद्या छोट्या क्लबच्या मॅनेजरचा असता तरी त्याची खुर्ची हलली असती. जानेवारीत ब्रायटनकडून घरच्या मैदानावर ३-१ हरल्यावर हाच माणूस पत्रकारांसमोर म्हणाला की क्लबच्या इतिहासातली बहुतेक ही सगळ्यात खराब टीम आहे. मित्राचं म्हणणं, मॅनेजरनेच असं बोलायचं तर पोरांनी कुणाकडे बघायचं? आणि बदलून फायदा होतो याचीही उदाहरणं आहेतच. चेल्सीने जानेवारी २०२१ मध्ये लॅम्पार्डला काढून टुखेलला आणलं, मे महिन्यात चॅम्पियन्स लीग घरी. ॲस्टन व्हिला २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये खाली रिलेगेशनच्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याच्या तोंडाशी होती, जेरार्ड गेला, एमरी आला, सीझन संपताना सातवा नंबर. तेव्हा 'वेळ द्या, वेळ द्या' एवढंच म्हणत बसणं हे काही उत्तर नाही, हे मला मान्य आहे. कुणालाही कितीही वेळ द्यायचा नसतो.

फायनलनंतरच्या रविवारी मामांकडे गेलो, दिंडोरी तालुक्यात. तीन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे त्यांची, वाय आकाराच्या मांडवावर, सातवं वर्ष. गेला सीझन वाईट गेला होता. एकरी दहा टन निघतो तिथे साडेपाच निघाला, त्यातही एक्स्पोर्टच्या लायकीचा थोडाच, बाकीचा व्यापाऱ्याने मागेल त्या भावाने नेला. मामेभाऊ तेव्हापासून बाग काढायच्या मागे लागलाय. शेजारच्यांनी काढली, टोमॅटो लावला. औषधांचा खर्च, मजुरी, सोसायटीचं कर्ज, त्याचा हिशोब तोंडपाठ आहे आणि तो चुकीचाही नाही. मामा मात्र ठेवायची म्हणत होते. म्हणजे मी सातपूरला जो वाद सोडून आलो होतो तोच इथे ओसरीवर चालू होता, फक्त आकडे वेगळे.

मी मामांना विचारलं, "एवढा माल कमी निघाला, मग ठेवायची कशाच्या भरवशावर?"

मामा म्हणाले, "मालाकडं बघून बाग काढत नसतात. माल गेल्या वर्षीचा हिशोब असतो. चल, दाखवतो."

चिखलातून आत गेलो. ज्यांच्या घरी बाग नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्याकडे द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोड्या बाराची छाटणी. माल मिळतो तो दुसऱ्या छाटणीचा, म्हणून बाहेरच्याला वाटतं द्राक्ष ऑक्टोबरनंतर होतं. पण फेब्रुवारीत क्रेटमध्ये जो घड पडतो तो आदल्या वर्षीच्या मे-जूनमध्येच काडीच्या डोळ्यात, म्हणजे कळीत, तयार झालेला असतो, खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत. बाहेरून काही दिसत नाही, हिरवी काडी आणि तिच्यावर डोळे एवढंच. त्या दिवसांत ऊन मिळालं तर डोळ्यात घड धरतो. आभाळ राहिलं, पाऊस लागला, वेल नुसता पाल्यावर गेला तर घड धरत नाही, आणि हे तुम्हाला कळतं चार-पाच महिन्यांनी, ऑक्टोबर छाटणीनंतर फूट निघते तेव्हा, घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा, आलेली असते. तेव्हा माणूस ऑक्टोबरला शिव्या देतो, औषधाला देतो, मजुरांना देतो. चूक मे महिन्यातली असते.

मामांची खरड छाटणी १० एप्रिलला झालेली. म्हणजे ज्या रात्री आम्ही सातपूरला बारीक आवाजात हरत होतो तो या बागेचा बेचाळिसावा दिवस होता आणि बाहेर पाऊस. हे ऐकून माझ्या पोटात कसंतरीच झालं. मामांना विचारलं, मग या वर्षीचंही गेलं का? ते म्हणाले, "आत्ताच कसं सांगू? ऊन पडलं तर पुढच्या फुटीवर धरंल. सप्टेंबरात काड्या लॅबला नेऊ, डोळे तपासू, मग कळंल."

डोळे तपासणी ही गोष्ट मला माहीत होती पण त्या दिवशी ती नव्याने ऐकली. छाटणीच्या आधी बागेतल्या वेगवेगळ्या ओळींतून काड्या घ्यायच्या, लॅबमध्ये एकेक डोळा ब्लेडने कापून मायक्रोस्कोपखाली बघतात, कितव्या डोळ्यात घड आहे, कितव्यात नाही, आणि त्यावरून काडी किती डोळ्यांवर छाटायची ते ठरतं. नुसत्या अंदाजाने आखूड छाटली तर ज्या डोळ्यात घड होता तोच कापून जमिनीवर. असं होतं, दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या बागेत होतं.

येताना बसमध्ये फर्ग्युसन आठवला, युनायटेडचा जुना मॅनेजर. खरं तर फर्ग्युसनचं नाव घ्यायचं मी टाळत होतो, कारण ते उदाहरण देऊन जगातल्या कुठल्याही मॅनेजरला वाचवता येतं आणि म्हणूनच ते आता कुणी ऐकून घेत नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये आला, १९८८-८९ ला टीम ११ वी, १९८९-९० ला १३ वी, त्याच सीझनमध्ये मँचेस्टर सिटीकडून ५-१ हार, आणि जानेवारी १९९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध एफए कपात मार्क रॉबिन्सने गोल केला म्हणून नोकरी वाचली अशी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण तेव्हाचे चेअरमन मार्टिन एडवर्ड्स यांनी नंतर सांगितलंय की ती मॅच हरली असती तरी त्याला काढणार नव्हते. मला रॉबिन्सच्या गोलपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. टीम तेराव्या नंबरकडे घसरत असताना, मैदानात त्याच्याविरुद्ध पोस्टर लागत असताना, या लोकांना नेमकं काय दिसत होतं?

त्यांना दिसत होतं की या माणसाने आल्याआल्या शाळकरी पोरं शोधणारी माणसं वाढवलीत, टीममधली दारू बंद करायला घेतलीय, संध्याकाळी स्वतः लहान मुलांचा सराव बघायला उभा राहतो. रायन गिग्ज नावाचा मुलगा नोव्हेंबर १९८७ मध्ये, चौदाव्या वाढदिवसाला, क्लबकडे आला. म्हणजे टेबलात ११ वा आणि १३ वा नंबर दिसत होता तेव्हा गिग्ज आत होता. १९९२ ला ज्या पोरांनी युथ कप जिंकला, बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल, त्यांतली बरीच तेव्हा क्लबच्या दारात येत होती. बाहेरून माल साडेपाच टन, पण काडीत घड होता, आणि तो बघायची तसदी क्लबने घेतली होती. लीग आली १९९३ ला, २६ वर्षांनी, आणि मग एकूण तेरा. कुणी म्हणेल हे आता मागे वळून बघताना सोपं आहे. बरोबर आहे. पण गिग्ज तर तेव्हाही तिथे होता ना, कुणीही जाऊन बघू शकत होतं.

आर्सेनलचंही तसंच. मॅनेजर आर्टेटाचे सलग दोन सीझन आठव्या नंबरवर, मग २०२१ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या तिन्ही मॅच हरले, एकही गोल नाही, टेबलात तळाला. तेव्हा त्याला काढला असता तर जगात कुणी भांडलं नसतं. पण त्याच उन्हाळ्यात क्लबने सहा प्लेअर घेतले होते, सगळे २३ किंवा त्याहून कमी वयाचे, आणि साका आधीपासून घरचाच. काय चाललंय ते क्लबला माहीत होतं. २०२३ ते २०२५ सलग तीन वर्षं दुसरे आले. तेव्हा दुसराच नंबर आला, लीग नाही आली, हेही सांगायला हवं.

आणि मग आमचा क्लब. इथे मला राग येतो आणि तो लपवायचा नाहीये.

२०२३-२४ ला अमोरिमच्या आधीच्या मॅनेजरच्या, टेन हागच्या हाताखाली टीम आठवी आली, प्रीमियर लीगच्या काळातला तोपर्यंतचा सगळ्यात खालचा नंबर, गोल केले त्यापेक्षा एक जास्त खाल्ला. पण २५ मे २०२४ ला एफए कप फायनलमध्ये सिटीला २-१ हरवलं, गार्नाचो आणि मेनू, दोन्ही विशीच्या आतली पोरं. त्यानंतर क्लबने आढावा घ्यायला घेतला, त्या दिवसांत दुसऱ्या कोचांशी बोलणी चालल्याच्या बातम्या रोज, आणि शेवटी टेन हागलाच ठेवला. जुलैमध्ये कॉन्ट्रॅक्ट २०२६ पर्यंत वाढवलं. पूर्वी आयाक्स या त्याच्या जुन्या क्लबमध्ये त्याने खेळवलेले डी लिख्त आणि माझरावी विकत घेतले. आणि २८ ऑक्टोबरला काढून टाकला. टीम १४ वी होती. त्याला आणि त्याच्या स्टाफला घालवायचा खर्च क्लबच्या हिशोबात आला तो १ कोटी ४ लाख पौंड. त्याच वर्षी क्लब खर्च कमी करायचा म्हणून साध्या कामगारांना घरी पाठवत होता.

मला विचाराल तर ठेवणं चूक नव्हतं आणि काढणंही चूक नव्हतं, चूक होती ती अर्ध्या मनाने ठेवण्याची. बाग ठेवायची म्हणून खरड छाटणी करायची, खतं टाकायची, पैसा ओतायचा आणि ऐन बहरात ट्रॅक्टर घालायचा, असं दिंडोरीत कुणी केलं तर घरचे डॉक्टरकडे नेतील. मे महिन्यात काढलं असतं तर नवीन माणसाला त्याच्या पद्धतीची टीम उभारायला अख्खा उन्हाळा मिळाला असता. अमोरिमने स्वतः सांगितलंय की त्याला सीझन संपल्यावर यायचं होतं, पण आत्ता नाहीतर कधीच नाही असं त्याला कळवलं गेलं. मग तो नोव्हेंबरमध्ये आला, मागे तीन डिफेंडर ठेवून खेळवणारा माणूस, आणि हाताशी दुसऱ्याच्या आवडीने जमवलेली टीम, सरावाला वेळ नाही, दर तीन-चार दिवसांनी मॅच. मालाच्या वेळेला कलम भरायला लावलं त्याला. आता तो माल कमी निघाला म्हणून कुणाला विचारायचं?

अर्थशास्त्रवाल्यांनीही यात डोकं घातलंय. नेदरलँड्सच्या लीगमधले १९८६ ते २००४ चे कोचबदल बास तेर वील यांनी तपासले. कोच काढल्यावर रिझल्ट सुधारतात हे त्यांना दिसलं, पण तेवढीच घसरण होऊन ज्या क्लबांनी कोच नाही काढला त्यांचेही रिझल्ट साधारण तसेच सुधारले. म्हणजे वाईट काळ बऱ्याचदा आपल्या पावलांनी जातो आणि श्रेय नव्या माणसाला मिळतं. यावरून कोच काढूच नये असं निघत नाही. टुखेल टुखेलच होता. पण 'काहीतरी तर केलं पाहिजे' या घाईला यातून काही आधार मिळत नाही.

शाळेतलं एक इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. आठवीत होतो, शाळेच्या फुटबॉल टीममध्ये. आमचे सर आम्हाला लांब किक मारू द्यायचे नाहीत, पास द्या, पास द्या, बॉल जमिनीवर ठेवा. त्या वर्षी आम्ही इंटरस्कूलला पहिल्याच राउंडला चार गोलने हरलो. पालकांनी तक्रार केली, शाळेने सरांकडून टीम काढून घेतली, दुसऱ्या सरांना दिली. त्यांनी उंच पोरांना पुढे उभं केलं, मागून जोरात बॉल मारायचा, आम्ही सेमीफायनलला गेलो. सगळे खूश, मीही खूश, खोटं कशाला बोलू. जुने सर पीटीचा तास घेत राहिले, ग्राउंडच्या कडेने जाताना आमच्याकडे बघून हसायचे, आणि मी एकदाही जाऊन बोललो नाही. मला आज मॅच बघताना जे कळतं, मोकळी जागा कुठे आहे, बॉल येण्याआधी मान वळवून का बघायचं, ते सगळं त्या हरलेल्या वर्षातलं आहे. सेमीफायनलच्या वर्षातलं मला काही आठवत नाही, एक फोटो आहे फक्त.

पण मामांनीच एकदा बाग काढलीय, हेही विसरून चालणार नाही. जुनी बाग, विहिरीकडची. तेव्हा मला वाटलं होतं की भाव पडला म्हणून काढली. परवा विचारलं तर म्हणाले, "खोडकिडीनं खाल्ली होती रे. खोडातून भुसा पडायचा. वरून पाला हिरवागार, एक वर्ष तर मालही बरा निघाला, पण आत खोड राहिलं नव्हतं. ती ठेवली असती तर पाच वर्षं फुकट गेली असती." म्हणजे माल बरा निघालेली बाग त्यांनी काढली आणि माल कमी निघालेली ठेवली.

हे मला टॉटनहॅमबद्दल विचार करताना फार उपयोगी पडलं. फायनल जिंकणारा त्यांचा पोस्टेकोग्लू, १७ वर्षांनी क्लबला ट्रॉफी मिळवून दिली, आणि ६ जूनला, सोळा दिवसांनी, त्याला काढला. लीगमध्ये १७ वे आले होते, २२ मॅच हरले होते. आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणाले अन्याय आहे. मलाही त्या माणसाबद्दल वाईट वाटलं, अजून वाटतं. पण क्लबने जर सीझनभर आत बघून ठरवलं असेल की खोड गेलंय, तर एका कपमुळे ते बदलू नये, आणि त्यांनी ट्रॉफीचा मोह टाळून निर्णय घेतला याचा मी आदर करतो. आम्ही आदल्या वर्षी नेमकं उलटं केलं होतं, एका फायनलच्या आनंदात. फक्त, आत खरंच बघितलं होतं की १७ हा आकडा बघूनच घाबरले, हे टॉटनहॅमवाल्यांनी आपल्या क्लबला विचारायला हवं.

अमोरिमच्या काडीत मला काय दिसतं? थोडं दिसतं. अमाद दिसतो, सिटीविरुद्ध शेवटच्या मिनिटांत जिंकून देणारा, साउथहॅम्प्टनविरुद्ध हॅट्ट्रिक मारणारा, मग दुखापतीने गेलेला. १७ एप्रिलची, युरोपा लीगमधली ल्योविरुद्धची रात्र दिसते, एक्स्ट्रा टाइममध्ये ४-२ मागे पडून ५-४ जिंकलो, मॅग्वायरचं शेवटचं हेडर, आपल्याकडे पहाटेचे तीन वाजून गेलेले आणि सातपूरच्या मित्राची आई उठून बाहेर आली की काय झालं. मॅनेजरचं ऐकायचं सोडलेली टीम असं खेळत नाही. आणि फायनल हरल्यावर तो म्हणाला की बोर्डाला आणि फॅन्सना मी नको असेन तर एक पैसा न घेता उद्या जातो, पण मी स्वतः सोडणार नाही. हे मला सरळ माणसाचं बोलणं वाटलं. दुसरीकडे लीगमध्ये तीच ती पद्धत, तेच ते गोल खाणं, आणि मेनूसारखा पोरगा बेंचवर, हेही दिसतं आणि ते मला खुपतं. तेव्हा माझं उत्तर असं की ठेवा, पण पूर्ण ठेवा. उन्हाळ्यात त्याच्या पद्धतीचे प्लेअर द्या, आणि काय तपासणार ते आत्ताच ठरवा. पहिल्या चार मॅच हरला की पुन्हा ऑक्टोबरमध्ये ट्रॅक्टर काढायचा असेल तर आज काढा, आज त्याच्या आणि आमच्याही जिवाला कमी त्रास होईल. सिडकोच्या मित्राला हे सगळं परवा कॉलेज रोडला चहा पिताना सांगितलं. तो म्हणाला, "बरं, ठेवा. पण तपासणार कोण? ज्यांनी टेन हागला ठेवला तेच ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

गेल्या रविवारी पुन्हा दिंडोरीला गेलो होतो. दोन दिवस ऊन पडलेलं, मामा आणि मामेभाऊ दोघं मिळून शेंडे मारत होते, बाग निदान या वर्षी ठेवायची ठरलीय. बागेच्या उताराला, नाल्याकडच्या चार ओळींत पाणी साचलं होतं ते अजून ओसरलेलं नव्हतं. मामींची जुनी लाल साडी फाडून मामा त्या ओळींच्या पहिल्या खांबांना चिंध्या बांधत होते. मी विचारलं हे कशाला.

"सप्टेंबरात काड्या घेताना ध्यानात राहायला. इथल्या काड्या वेगळ्या न्यायच्या, वरच्या चांगल्या ओळींच्या काड्यांत मिसळायच्या नाहीत. नाहीतर लॅबवाला सांगंल सगळं ठीक आहे, आणि आपल्यालाही तेच ऐकायचं असतं."

उरलेल्या चिंध्या माझ्या हातात देऊन ते पुढच्या ओळीला गेले.